साडेआठची हवा

आषाढातली एखादी सकाळ धरू. घड्याळात साडेआठ वाजतात आणि वेधशाळेच्या अंगणातल्या पांढऱ्या पेटीचं दार उघडतं. पेटी चार पायांवर उभी आहे. चारी बाजूंनी लाकडी झडपा, त्यामुळे आत वारा खेळतो पण ऊन शिरत नाही. निरीक्षक आतला तापमापक वाचतो, वहीत टिपतो. पर्जन्यमापकातलं पाणी मापाच्या नळीत ओततो. खोलीत जाऊन वायुभारमापक बघतो. पुन्हा बाहेर येऊन मान वर करतो, मनातल्या मनात आकाशाचे आठ भाग पाडतो आणि त्यांतले किती ढगांनी भरलेत ते ठरवतो. बऱ्याच ठिकाणी हे काम आता यंत्रं करतात, पण वेळ तीच आणि शेवटी हाती लागतं तेही तेच, पाच-पाच आकड्यांचे गट. त्यांतले तीन असे असू शकतात:

७२५१२ १०२७४ ४००६२

पहिल्या गटातला ७ सांगतो की आठांपैकी सात भाग आभाळ भरलंय. पुढचे २५ ही वाऱ्याची दिशा, २५० अंश, पश्चिमेला किंचित दक्षिणेची बाजू धरून. १२ हा वेग, नॉटमध्ये. दुसऱ्या गटातला १ हा नुसता दारावरचा पाटीवाला, ‘पुढे तापमान आहे’ एवढं सांगणारा. त्यानंतरचं ० म्हणजे पारा शून्याच्या वर, आणि २७४ म्हणजे २७.४ अंश. तिसऱ्या गटात ४ ही दाबाची खूण. ००६२ वाचायचं १००६.२ हेक्टोपास्कल. हजाराचा १ लिहिलेलाच नाही, कारण तो सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांच्या आधी केंद्राचा क्रमांक येतो. पुण्याचा आहे ४३०६३.

एका गावची सकाळ पंधरा आकड्यांत मावली. पावसाचे, दवाचे, ढगांच्या जातीचे आणखी काही गट असतात, ते सोडून देऊ. मला नवल वाटतं ते त्या गाळलेल्या १ चं. कुणीतरी कधीतरी बसून विचार केला असणार की वाचणाऱ्याला जे आधीच माहीत आहे ते कशाला पाठवायचं?

तक्ते आणि नकाशे पानात बसवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. या धंद्यात एक वाक्य आठवड्यातून चारदा ऐकावं लागतं: “तोच नकाशा घे रे, जरा लहान करून टाक.” दिवाळी अंकाच्या जोडपानावर शोभलेला नकाशा दैनिकाच्या दोन कॉलमांत, तिथून मोबाइलवर, तिथून कुणाच्या तरी भाषणातल्या पडद्यावर. सांगणाऱ्याला वाटतं, माप बदललं की झालं. तसं होत नाही हे पटवताना मी एकेकाळी घसा कोरडा करून घ्यायचो. हल्ली हवेच्या नकाशाची गोष्ट सांगतो. एकच माहिती इतक्या वेगवेगळ्या देहांत जन्म घेते, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

ते आकडे मुख्य कचेरीत पोचले की त्यांचं फूल होतं. मी फूलच म्हणतो. नकाशावर पुण्याच्या जागी मसुराच्या दाण्याएवढं वर्तुळ काढतात. आठांपैकी सात भाग ढग असतील तर वर्तुळ जवळजवळ काळं भरायचं, मधे एक बारीक पांढरी फट ठेवायची. वारा जिकडून येतो तिकडे वर्तुळातून एक काडी काढायची आणि तिच्या टोकाला पिसं लावायची. पूर्ण पीस दहा नॉटचं, अर्धं पाचाचं, आणि पन्नास झाले की भरीव त्रिकोणी पताका. डावीकडे वर तापमान. उजवीकडे वर दाब, इथे आणखी काटकसर: १००६.२ चे शेवटचे तीनच आकडे, ०६२. वर्तुळाच्या डाव्या अंगाला त्या घडीची हवा: एक ठिपका म्हणजे पाऊस, स्वल्पविराम म्हणजे रिमझिम, तीन आडव्या रेघा म्हणजे धुकं, चांदणी म्हणजे हिमवर्षाव. पाऊस सतत आणि जोरात असेल तर ठिपके वाढत जातात. सरावलेला हवामानतज्ज्ञ अशी शेकडो फुलं एका नजरेत वाचतो आणि सारख्या दाबाची गावं जोडत समभार रेषा ओढत जातो. त्या रेषांतून मग कमी दाबाचं क्षेत्र असं दिसायला लागतं, जसं पाण्यात दगड टाकल्यावर वलयं दिसतात.

हा नकाशा टेबलाएवढा असतो. त्याचा वाचक एकच, आणि तो त्यावर दिवसभर ओणवा असतो. त्याला सगळं हवं असतं. गोष्ट रंगते ती हा नकाशा त्या टेबलावरून उठून बाहेर पडायला लागतो तेव्हा.

लंडनमध्ये १८५१ साली मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा तारेनं आलेल्या बातम्यांवरून रोजचा हवेचा नकाशा छापून एक पेनीला विकला जात होता. तो दगडावरच्या छपाईचा सुटा कागद होता. वर्तमानपत्रात तसा नकाशा यायला आणखी २४ वर्षं लागली. इतकी का लागावीत? माहिती होती, तार होती, वाचकही होते. अडचण छापखान्यात होती.

जुन्या छापखान्यात शिसं उठून उभं असतं. खिळ्याचं अक्षर वर आलेलं, शाई त्याच्या डोक्याला लागते आणि डोकं कागदावर टेकतं. नकाशे कोरत तांब्यावर, खोलगट रेघांत. शाई त्या खोलात भरते आणि दाबाखाली कागद ती ओढून घेतो. खोल आणि उठाव यांचं एका पानात जमत नाही. लाकडावर उठावदार कोरता येई आणि ते खिळ्यांच्या शेजारी बसेही, पण कोरक्याला वेळ लागायचा. हवेच्या नकाशाला तर वेळ नावाची गोष्टच नसते. संध्याकाळी आलेली हवा सकाळच्या अंकात गेली नाही तर ती रद्दी.

यावर उपाय काढला फ्रान्सिस गॉल्टननं. चार्ल्स डार्विनचा हा नातलग म्हणजे विलक्षण डोक्याचा माणूस. वंशसुधारणेच्या नावाखाली त्यानं पुढे जे मांडलं त्याची काजळी त्याच्या नावावर कायमची आहे, आणि ती पुसू नये. पण डिसेंबर १८६१ या एका महिन्यात युरोपभरच्या हवेच्या दिवसाला तीन-तीन नोंदी गोळा करून त्यानं १८६३ साली नकाशांचं पुस्तक काढलं, आणि जास्त दाबाभोवती वारा चक्रवाताच्या उलटा फिरतो हे त्या नकाशांतून ओळखून त्याला प्रतिचक्रवात या अर्थाचा शब्द दिला, हेही खरंच. नकाशा नुसता काढून त्याचं समाधान होत नसे, तो छापला कसा जाईल याचा त्याला ध्यास होता. त्यानं चित्र गिरवणाऱ्या जोडदांड्याला, पँटोग्राफला, एक फिरतं गिरमिट बसवलं. दांड्याचं एक टोक हातानं काढलेल्या नकाशाच्या रेघांवरून फिरवायचं, तसतसं दुसऱ्या टोकाचं गिरमिट मऊ साच्यात चर पाडत जातं. त्या साच्यात धातू ओतला की चराची उठावदार रेघ होते. ब्लॉक तयार, आणि तोही खिळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसणारा.

१ एप्रिल १८७५ रोजी ‘द टाइम्स’मध्ये तो नकाशा छापून आला. वर्तमानपत्रातला हा पहिला हवेचा नकाशा मानला जातो. आता त्यात काय होतं त्यापेक्षा काय नव्हतं ते बघा. दाबाच्या रेषा तुटक ठिपक्यांच्या, म्हणजे किनाऱ्याच्या सलग रेघेशी त्यांची गल्लत होऊ नये. तापमान साध्या आकड्यांत. आकाश आणि समुद्र कसा आहे ते चक्क शब्दांत, ढगाळ, शांत वगैरे. वाऱ्याला बाण, आणि जोरानुसार त्यांना पिसं. वारा पडलेला असेल तिथे वर्तुळात ठिपका. भरलेली-अर्धवट भरलेली वर्तुळं नाहीत, खुणांची बाराखडी नाही. टेबलावरच्या तज्ज्ञाला खूण पुरते, न्याहारी करता करता पेपर चाळणाऱ्याला शब्द लागतो. शिवाय बारीक अर्धवट वर्तुळात शाई भरून ते पूर्ण काळं व्हायला किती वेळ?

आणखी एक गंमत. त्या नकाशात आदल्या दिवसाची हवा होती, ३१ मार्चची. उद्याचं भाकीत नव्हतंच. ॲडमिरल फिट्झरॉयनं १८६१ साली वर्तमानपत्रांत रोजचं भाकीत सुरू केलं होतं. ते चुकलं की टवाळी व्हायची. १८६५ साली त्यानं आत्महत्या केली आणि पुढच्या वर्षी भाकितं बंद पडली, ती पुन्हा सुरू व्हायला १८७९ उजाडलं. मधल्या काळातला हा नकाशा म्हणजे शिळी हवा, पण पेपरच्या वाचकांनी पहिल्यांदाच आपल्यावरचं आकाश वरून पाहिलं.

योगायोगानं त्याच वर्षी, १८७५ साली, भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. खात्याचं मुख्यालय पुढे सिमल्याला गेलं, आणि तिथून १९२८ साली पुण्यात शिवाजीनगरला आलं. पुण्याच्या बसमध्ये कंडक्टर ‘सिमला ऑफिस’ अशी हाक देतो, तो हा इतिहास. मुख्यालय दिल्लीला जाऊनही कितीतरी दशकं लोटली, पण स्टॉपचं नाव अजून थंड हवेचंच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतल्या बर्गन गावी व्हिल्हेल्म बियर्कनेस आणि त्याच्या तरुण सहकाऱ्यांनी उष्ण आणि थंड हवेच्या सीमारेषा शोधून काढल्या. युद्ध ताजं होतं, म्हणून त्यांना नावही पडलं ‘फ्रंट’, आघाडी. टेबलावरच्या नकाशात त्या रंगीत खडूनं काढत: थंड आघाडी निळी, उष्ण लाल, आणि एक दुसरीला गाठून दोन्ही मिसळल्या की जांभळी. छान, स्वस्त, कुणालाही कळणारं. फक्त छापायला गेलं की सगळ्याच काळ्या. टॉर बेर्गेरोन या स्वीडिश तज्ज्ञानं १९२४ साली लायप्झिगहून व्हिल्हेल्मच्या मुलाला, याकोब बियर्कनेसला, एक पोस्टकार्ड पाठवलं आणि त्यावर एकरंगी छपाईसाठीच्या खुणा काढून दाखवल्या. थंड आघाडीला त्रिकोणी दात, उष्ण आघाडीला अर्धवर्तुळं, मिश्र आघाडीला आळीपाळीनं दोन्ही. जांभळ्या रंगाला काळ्या शाईत याहून नेमकं उत्तर मला तरी सुचलं नसतं. वर एक नफा असा की दात ज्या बाजूला, त्या बाजूला आघाडी सरकते. रंग गेला आणि दिशा मिळाली.

पुढे जहाजांवर रेडिओवरून नकाशे जायला लागले. कागदावर ओळीमागून ओळ, काळं-पांढरं, वादळात खरखर आली की रेघा फाटलेल्या. तिथेही हे दात टिकले. आपल्याकडच्या मोसमी हवेत या आघाड्या नसतात, म्हणून मराठी वाचकाला त्या परदेशी वाहिन्यांवरच दिसतात. आपल्या वाट्याला येतो तो कमी दाबाचा पट्टा.

आता कागदच नाही असं धरा. रेडिओ आहे, कान आहेत. नकाशा कानात कसा ओतायचा?

ब्रिटनमध्ये समुद्रावरच्या लोकांसाठी रेडिओवर वाचलं जाणारं हवामान हा या कलेचा कळस आहे. मर्यादा ३५० शब्दांच्या आसपास. किनाऱ्याभोवतीच्या समुद्राचे ठरलेले भाग, ते नेहमी त्याच क्रमानं, घड्याळाच्या काट्यासारखे फिरत. वाऱ्याबद्दल सांगताना ‘वारा’ हा शब्दच नसतो, नुसती दिशा आणि जोर, ऐकणारा समजून घेतो. ‘लवकरच’ असं म्हटलं तर ते सहा ते बारा तासांत, ‘नंतर’ म्हटलं तर बारा ते चोवीस. शब्दांना असं मोजमाप दिलेलं असल्यामुळे बोटीवरचा माणूस कोरा नकाशा मांडीवर घेऊन ऐकता ऐकता तो भरत जाऊ शकतो. आकड्यांचा नकाशा झाला, नकाशाचे शब्द झाले, शब्दांचा पुन्हा नकाशा. त्या समुद्रभागांपैकी एकाला २००२ साली फिट्झरॉयचं नाव दिलं. ज्याची टवाळी झाली त्याचं नाव आता रोज हवामानाच्या यादीत घेतलं जातं.

आपल्याकडेही हे आहे, फक्त आपण ते कवितेसारखं ऐकत नाही. “कोकण आणि गोव्यात बहुतांश ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.” लहानपणी मला वाटायचं, ही सरकारी टाळाटाळ आहे. कुठे पडणार ते सांगा की! खूप उशिरा कळलं की ‘तुरळक ठिकाणी’ हा आकडा आहे. त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, असा त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ ५१ ते ७५, त्याच्या वर ‘बहुतांश’. ‘मुसळधार’ हासुद्धा मोजून मापून वापरलेला शब्द: चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. म्हणजे आपली आजी रेडिओला कान लावून ऐकायची ते एक पूर्ण आलेखन होतं. त्याचं सूचीपत्र मात्र तिच्या हाती कुणी दिलं नव्हतं. हा दोष माझ्या मते शब्दांचा नाही, आपला आहे. आम्ही नकाशा छापतो तेव्हा कोपऱ्यात खुणांचा अर्थ देतो. रेडिओच्या नकाशाचा अर्थ पेपरात महिन्यातून एकदा छापायला काय हरकत होती?

आणि मग बावटा. कोकणात कुणालाही विचारा. “बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय” एवढं ऐकलं की होडी पाण्यात जात नाही. लांबून, पावसातून, हलत्या होडीवरून दिसलं पाहिजे असं हे प्रकाशन आहे, म्हणून बंदराच्या खांबावर दिवसा ठरावीक आकार चढवतात, रात्री दिवे. सगळा बंगालचा उपसागर, सगळा अरबी समुद्र, सगळ्या समभार रेषा दाबून-दाबून एका अंकात आणल्या. भारतातल्या बंदरांवर एकूण ११ संकेत आहेत, आणि मी जेव्हा त्यांचे अर्थ पहिल्यांदा वाचले तेव्हा उठून खोलीत एक चक्कर मारली.

१ आणि २ लांबच्या धोक्याचे, ३ आणि ४ या बंदरापुरते. इथवर जिना सरळ आहे, एकेक पायरी वर. पण ५, ६ आणि ७ यांत वादळाचा जोर सारखाच असतो. वादळ बंदराला डावीकडे ठेवून जाणार असेल तर ५, उजवीकडे ठेवून जाणार असेल तर ६, बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार असेल तर ७. त्याहून तीव्र वादळासाठी हाच क्रम ८, ९, १० मध्ये पुन्हा. म्हणजे अंकाच्या पोटात नकाशा दडलाय! वादळ कुठल्या अंगानं जाणार हे कळलं की वारा कुठल्या दिशेनं फिरत येणार हे कळतं, आणि नांगर कसा टाकायचा हे त्यावर ठरतं. नकाशातलं बाकी सगळं टाकून दिलं आणि नेमकी ती एक गोष्ट ठेवली जिच्यावाचून दर्यावर्द्याचं अडेल.

राहिला ११. त्याचा अर्थ: हवामान केंद्राशी संपर्क तुटलाय, आणि इथल्या अधिकाऱ्याला धोका वाटतोय. आमच्या धंद्यात माहिती नसली की आम्ही तक्त्यात रिकामी चौकट सोडतो, फार तर एक आडवी रेघ मारतो, आणि वाचक ती शून्य समजतो. इथे ‘माहिती नाही’ हीच माहिती म्हणून खांबावर चढवली आहे, आणि तीही सगळ्यात वरच्या क्रमांकानं.

टीव्हीबद्दल थोडक्यात, कारण तिथे नवल कमी आणि झगमगाट जास्त. बीबीसीवर ११ जानेवारी १९५४ ला जॉर्ज काउलिंग पहिल्यांदा पडद्यावर उभा राहून हवामान सांगू लागला, तेव्हा मागे कागदी नकाशेच होते. १९७५ पासून मार्क ॲलन या तरुणानं केलेली चुंबकी चित्रं आली: काळा ढग, त्याखाली थेंब, मागून डोकावणारा सूर्य. आज तुमच्या मोबाइलवर दिसणारा ढग-थेंब त्याच घराण्यातला. २००५ साली तिथे त्रिमिती नकाशा आणला, विमानातून बघावं तसा तिरका. झालं, उत्तरेकडचं स्कॉटलंड लांब गेलं आणि इवलंसं दिसायला लागलं. स्कॉटिश लोक खवळले, कोन बदलावा लागला. आपल्याकडे १९८३ साली इन्सॅट-१बी वर गेला आणि बातम्यांच्या शेवटी उपग्रहानं टिपलेले ढग दिसायला लागले. त्या करड्या धुरात आपलं गाव शोधणारी बोटं पडद्यावर ठेवलेली मला आठवतात. नकाशा म्हणून तो फारसा काही सांगत नव्हता, पण बघायला घरातले सगळे थांबत.

मोबाइलवर मात्र माझा रोजचा झगडा चालतो. फोन उभा असतो. भारत उभा आहे, तो फोनमध्ये बसतो. महाराष्ट्र आडवा आहे: पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर, दक्षिणोत्तर त्याहून कमी. फोनच्या साडेसहा सेंटिमीटर रुंदीत तो बसवला की एका मिलिमीटरमध्ये बारा किलोमीटर. कोकणपट्टीच्या वाट्याला येतात चार-पाच मिलिमीटर. आता त्यात ‘सिंधुदुर्ग’ लिहा. वेलांटी, अनुस्वार आणि रफार शिरोरेषेच्या वर, दोन उकार खाली. इंग्रजी मोठ्या अक्षरांना वर-खाली काही लोंबत नाही, म्हणून ती बारीक केली तरी वाचता येतात. देवनागरी तेवढीच बारीक केली की उकार खालच्या रेघेत बुडतो आणि अनुस्वार म्हणजे धूळ. म्हणून महाराष्ट्राचा कुठलाही नकाशा उघडा, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ही नावं समुद्रात तरंगताना दिसतील. अरबी समुद्र हा मराठी नकाशावाल्याचा समास आहे. तो नसता तर आमचं काय झालं असतं कुणास ठाऊक. विदर्भ-मराठवाड्याला अशी सोय नाही. वाशीम लहान आहे पण निदान नावही आखूड आहे. छत्रपती संभाजीनगर मात्र दोन ओळींत मोडल्याशिवाय बसत नाही. फोनवर मी आता नकाशा रंगांपुरता ठेवतो, नावं खाली यादीत देतो. बोट लावलं की जिल्हा उजळतो.

रंगांचंही एक दुखणं आहे. हवामान खात्याचे चार रंग सगळ्यांच्या तोंडी आहेत: हिरवा काळजी नको, पिवळा लक्ष ठेवा, नारिंगी तयारीत राहा, लाल कृती करा. पडद्यावर हे झकास. पण हा नकाशा फिरत फिरत गावात जातो, तिथे कुणीतरी त्याची काळी-पांढरी प्रिंट काढतं आणि ती फळ्यावर चिकटवतं. मी एकदा मुद्दाम करून पाहिलं. लाल गडद आला, तो ठीक. पिवळा जवळजवळ पांढरा. आणि हिरवा व नारिंगी? दोन्ही जवळपास सारखे करडे, ओळखू न येण्याइतके. ‘काळजी नको’ आणि ‘तयारीत राहा’ जुळे भाऊ होऊन बसले होते, आणि ‘लक्ष ठेवा’ सगळ्यांत निर्धास्त दिसत होता. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या माणसांची अडचण याच जातीची. यावर माझा इलाज बेर्गेरोनचाच: रंगाबरोबर रेघ द्यायची. नारिंगीत तिरक्या रेघा, लालमध्ये जाळी, हिरवा कोरा. रंग गेला तरी अर्थ फळ्यावर राहतो.

आणि एवढं सगळं जमवूनही एखादी सकाळ अशी येते की नकाशा हात टेकतो. देशाचा नकाशा दैनिकाच्या दोन कॉलमांत, आठेक सेंटिमीटर उंचीत बसवला की एका मिलिमीटरला चाळीस किलोमीटर येतात. मुंबईला त्यात एक ठिपका मिळतो. मुंबईच्या दोन वेधशाळा, कुलाबा आणि सांताक्रूझ, यांत अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. नकाशावर अर्धा मिलिमीटर, पेन्सिलीच्या टोकापेक्षा कमी. कितीही कसबी माणूस असो, तिथे त्याला दोन ठिपके काढता येणार नाहीत. दोन रंग तर नाहीच नाही.

पेपरातल्या त्या जुन्या, कंटाळवाण्या तापमान-पावसाच्या तक्त्यात मात्र मुंबईला पहिल्यापासून दोन ओळी असतात. पान लावताना जागा कमी पडली की मला त्यांतली एक उडवायचा मोह व्हायचा. आता होत नाही. २७ जुलै २००५, सकाळी साडेआठ. निरीक्षकांनी नेहमीसारखं मागच्या चोवीस तासांचं पाणी मोजलं. मिलिमीटरमध्ये:

मुंबई (कुलाबा) ७३.४
मुंबई (सांताक्रूझ) ९४४.२